मागची सीट आणि न येणारी माणसं

छोटा पिकअप घ्यायला निघाला आहात ना? मग सेल्समनने तोंड उघडायच्या आत सांगून टाका: चार दारं, पाच माणसं, याखाली बोलणी नाहीत. मालाचं काय, असं कुणी विचारलंच तर हसून विषय बदला. मालाला कुठे मत असतं? सिमेंटच्या गोणीने ‘मला पाय लांब करता येत नाहीत’ अशी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. माणसं करतात. आणि आपल्या गाडीत जी माणसं कधीच बसलेली नाहीत, त्यांच्या तक्रारींची तर आपण गाडी घ्यायच्या आधीच सोय करून ठेवतो.

काही अर्धवट लोक तुम्हाला सांगतील की मागची सीट काढा, तिथे कुलूप लावता येईल असा कप्पा करा, नाहीतर केबिन आखूड करून मागचा मालाचा हौदा लांब घ्या. त्यांचं ऐकू नका. असल्या लोकांना गाडीत सामान न्यायचं असतं. तुम्हाला पिकअप घ्यायचाय. दोन्हींत फरक आहे.

हिशेब तसा सोपा आहे. छोट्या पिकअपची लांबी म्हणजे आखूड पांघरूण; डोक्यावर ओढलं की पाय उघडे. फोर्डचा मॅव्हरिक घ्या. 2022 च्या मॉडेलपासून तो अमेरिकेत मिळतो आणि मिळतो तो चार दारांचाच. एकूण लांबी साडेसोळा फुटांच्या थोडी वर, त्यात हौदा साडेचार फुटांचा. उरलेल्या बारा फुटांत इंजिन, तुम्ही, आणि ती प्रसिद्ध मागची सीट. साडेचार फुटांच्या हौद्यात सहा फुटी शिडी कशी ठेवायची? तिरकी ठेवा. आठ फुटी कशी ठेवायची? शेजाऱ्याच्या गाडीत ठेवा.

आठ बाय चारचा प्लाय आणायचा प्रसंग मात्र एकदा अनुभवावाच. शीट हौद्याच्या तळाशी सपाट बसत नाही, कारण दोन्ही बाजूंना चाकांचे उंचवटे आतवर आलेले असतात आणि त्यांच्यामधलं अंतर चार फुटांपेक्षा कमी. मग शीट उंचवट्यांवर टेकवायची, हौद्याचा मागचा फाळका अर्धाच उघडा अडकवून ठेवायचा आणि शीटचा मागचा भाग त्याच्या काठावर टेकवायचा. कंपनीने फाळक्याला ही अर्धी अवस्था मुद्दाम दिली आहे, आणि युक्ती खरोखर हुशारीची आहे. तरीही दोन-तीन फूट प्लाय मागे लोंबतो. त्याच्या टोकाला लाल फडकं बांधायचं, दोरीचा एक पीळ इकडून, एक तिकडून, आणि खड्डा आला की आरशात बघत दात आवळायचे. या सगळ्या वेळात प्लायपासून हातभर पुढे, काचेच्या पलीकडे, गादीची, पाठीला आधार देणारी, कप ठेवायला जागा असलेली सीट निवांत बसलेली असते. तिच्यावर कुणीही नसतं. तिला पावसाचा थेंबही लागत नाही.

आता वजनाचं बघू. पिकअपची वहनक्षमता सांगताना हौद्याचा फोटो दाखवतात, म्हणून आपण समजतो की एवढं वजन हौद्यात टाकायचं. तसं नसतं. त्या आकड्यात माणसंही मोजलेली असतात. मॅव्हरिकची क्षमता 1,500 पौंड, म्हणजे साधारण 680 किलो. 75 किलोची पाच माणसं बसवली की 375 किलो केबिनमध्येच संपले; मालाला उरले तीनशेच्या आसपास. म्हणजे तुम्ही पाचही सीटा भरल्या तर हौदा भरता येत नाही, आणि हौदा भरला तर सीटा भरता येत नाहीत. पाच माणसं आणि भरपूर माल हे दोन्ही एकाच जाहिरातीत बसतात, एकाच गाडीत बसायला कां-कूं करतात. पण हा हिशेब खरेदीच्या दिवशी कुणासमोर मांडू नका. उगाच वातावरण बिघडतं.

तुम्ही म्हणाल, रिकाम्या सीटचा उपयोग आम्ही करतोच की, सामान ठेवायला! शाब्बास. हाच तर माझा दुसरा सल्ला आहे. सीट काढून नीट सपाट कप्पा करू नका. सीट तशीच ठेवा आणि तिच्यावर सामान रचा. सीटची गादी मागच्या बाजूला उतरती असते, म्हणजे माणूस नीट टेकून बसावा. ड्रिल मशीनच्या पेटीला टेकून बसायची सवय नसते, त्यामुळे ती पहिल्या वळणाला कुशीवर होते आणि पहिल्या ब्रेकला तुमच्या सीटखाली येते. जोरात धडक बसली तर काय होतं हे शाळेच्या पुस्तकातल्या सूत्राने काढता येतं: ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने सुटी सुटलेली वस्तू जेवढी आदळते, तेवढी ती जवळजवळ दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून टाकली तर आदळेल. केबिनमधला कप्पा म्हणूनच आडव्या जाळीचा, आकड्यांचा, वस्तू बांधून ठेवणारा असायला हवा. पण तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता? पट्टे आहेतच. ते माणसांसाठी आहेत, पेटीला कुठे बसतात, हा तपशील झाला.

सीट आणि माल यांच्या या भांडणात सर्वांत शहाणा कोण ठरला असेल तर अमेरिकेचं जकात खातं. हे प्रकरण मला इतकं आवडतं की जरा सविस्तर सांगतो. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सकडच्या बाजारात अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढला. उत्तर म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर 1963 मध्ये बटाट्याचं स्टार्च, डेक्सट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर 25 टक्के आयात कर लावला. कोंबड्यांचं भांडण मिटलं, ब्रँडी सुटली, स्टार्च सुटलं. ट्रक मात्र पुढची कित्येक दशकं त्या कोंबडीच्या पायाला बांधलेला राहिला. लोक त्याला अजून ‘कोंबडी कर’च म्हणतात. प्रवासी गाडीवरचा कर त्याच्यापुढे किरकोळ होता.

मग 1978 च्या सुमारास जपानच्या सुबारूने अमेरिकेत ब्रॅट नावाचा चिमुकला पिकअप आणला. त्याच्या उघड्या हौद्यात, मागे तोंड करून, प्लास्टिकच्या दोन सीटा वेल्डिंगने बसवलेल्या होत्या. धरायला दोन मुठी. वर छप्पर नाही. या दोन सीटांमुळे तो ट्रक कागदोपत्री प्रवासी गाडी झाला आणि 25 टक्के वाचले. वाऱ्यात केस विस्कटत, रस्ता मागे पळताना बघत बसणाऱ्या त्या दोन प्रवाशांनी काय कमावलं ते ठाऊक नाही. कंपनीने कर वाचवला. रोनाल्ड रेगन यांच्या रँचवरही एक ब्रॅट होता. म्हणजे सीट मालाच्या जागेवर कुरघोडी करते तेव्हा ती माणसांसाठीच असते, असं समजायचं कारण नाही.

फोर्डने 2009 पासून याच्या उलट केलं. तुर्कस्तानात बनणारी ट्रान्झिट कनेक्ट ही छोटी व्हॅन (पिकअप नव्हे, पण खोड तीच) मागच्या सीटा आणि खिडक्या लावून अमेरिकेच्या बंदरात उतरायची. प्रवासी गाडी म्हणून कर भरला की त्याच गाडीतून सीटा काढायच्या, खिडक्यांच्या जागी पत्रा लावायचा, आणि मालवाहू व्हॅन तयार. ज्या सीटांनी समुद्र ओलांडला त्यांच्यावर एकही माणूस बसला नाही. 2019 मध्ये अपिलाच्या न्यायालयात निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला आणि 2024 मध्ये 36.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. बघा, रिकाम्या मागच्या सीटची किंमत इतकी असू शकते. तुमच्या पिकअपमधली तर त्या मानाने फुकटच पडली.

मधला मार्ग सुचवणारे तुम्हाला भेटतीलच. त्यांच्यापासून विशेष सावध राहा, कारण त्यांचं म्हणणं पटण्यासारखं असतं. शेव्हरोलेच्या अ‍ॅव्हलांचमध्ये केबिन आणि हौदा यांच्यामधली भिंतच मागच्या सीटसकट आडवी पडायची आणि सव्वापाच फुटांचा हौदा आठ फुटांच्या वर जायचा. प्लाय आत, फाळका बंद. ती गाडी 2013 पर्यंत चालली, पण ती आकाराने दांडगी होती. छोट्यांत सुबारूच्या बाहाने साडेतीन फुटांच्या हौद्याला मागची सीट आडवी पाडून केबिनमध्ये वाट काढून दिली. ती 2003 ते 2006 एवढीच टिकली. भिंत पाडायची ही सोय फारशी का पसरली नाही? माझं मत विचाराल तर, ही सोय वापरायची म्हणजे मागे कुणी बसणार नाही हे आधी कबूल करावं लागतं.

त्याआधी दीड केबिनची चाल होती. 1977 च्या डॅटसन किंग कॅबने पुढच्या सीटमागे थोडी जागा वाढवली, आणि 1980 च्या दशकात तसल्या जागेत आडव्या बसायच्या, भिंतीला मिटवता येणाऱ्या इवल्याशा सीटा आल्या. त्यांच्यावर बसलेला माणूस गुडघे हनुवटीला लावून खिडकीबाहेर नव्हे, समोरच्या गुडघ्यांकडे बघायचा. कुणी दुसऱ्यांदा बसायला मागायचं नाही. त्यामुळे ती जागा आपोआप सामानाची व्हायची: कोरडी, कुलपातली, हाताला लागणारी. इतकी प्रामाणिक सीट पुन्हा झाली नाही. आता 2025 मध्ये जाहीर झालेला स्लेट हा विजेवरचा छोटा ट्रक दोनच सीटांचा आहे. मागची सीट आणि छप्पर हवं असेल तर वेगळं किट घ्या आणि पाच जणांची गाडी करा. म्हणजे सीट हवी असेल तर आधी ती मागावी लागणार. किती अपमानास्पद!

ज्यांना रोज दोन लहान मुलं सोडायची आहेत, मुलांच्या सीटा पक्क्या बसवायच्या आहेत आणि घरात ही एकच गाडी आहे, त्यांना मी हे काहीही सांगत नाही. त्यांची मागची सीट भरलेली असते, आणि असले लेख वाचायला त्यांना वेळही नसतो. हा सल्ला आपल्यासारख्यांसाठी आहे, जे वर्षातून एकदा येणाऱ्या चौघांसाठी वर्षभर तीन माणसांची जागा ओढत फिरतात.

मी स्वतः हा सल्ला पाळतो. माझ्या चार दारांच्या पिकअपमध्ये मागे कोण बसलं होतं ते आठवायला मला बोटं मोजावी लागत नाहीत, कुणीच नाही. परवा मेहुण्यांचा फोन आला, ‘अहो, येता का घ्यायला? गाडी मोठी आहे तुमची.’ माझी छाती फुगली. याच दिवसासाठी तर सीट ठेवली होती! पाऊण तास खपून ती रिकामी केली. ड्रिलची पेटी, लेव्हल, ताडपत्री, अर्धा डबा प्रायमर, दोन छत्र्या, एका पायाचा गमबूट. सगळं हौद्यात टाकलं, वर ताडपत्री बांधली, कारण आभाळ भरून आलं होतं. गादीवरचा भुसा झटकला. सीट पहिल्यांदाच सीटसारखी दिसली.

मेहुणे आले, पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसले. पट्टा लावला. मग मान वळवून मागे बघितलं.

‘मागे कुणी बसणार आहे का?’

‘नाही.’

‘बरं झालं,’ म्हणाले, आणि हातातली बॅग मागच्या सीटवर टाकली. पहिल्या सिग्नलला ती माझ्या सीटखाली आली.