प्रवास मागणारा दिवा

डॅशबोर्डवरचे बाकीचे दिवे सरळ स्वभावाचे असतात. इंधनाचा दिवा इंधन मागतो, सीटबेल्टचा दिवा पट्टा मागतो आणि मागितलेले मिळाले की दोघेही मुकाट्याने विझतात. डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा मात्र प्रवास मागतो. तोही साधासुधा नव्हे, तर विनाथांबा, एकसारख्या वेगाचा आणि कुठेही पोहोचण्याची घाई नसलेला. ज्या माणसाचे सगळे वाहनसौख्य घर, कार्यालय आणि मुलांची शाळा एवढ्यातच आटोपते आणि ज्याची गाडी पुरती तापण्याआधीच मुक्कामी पोहोचते, त्याच्याकडे अशी मागणी करणे हा शुद्ध अन्याय आहे. पण दिवा लागतो तो नेमका याच माणसाच्या गाडीत.

डिझेल जळताना तयार होणारी काजळी पूर्वी सायलेन्सरमधून थेट मागून येणाऱ्याच्या तोंडावर जात असे आणि या व्यवस्थेबद्दल पुढच्याची कधीच तक्रार नव्हती. पुढे २००० साली प्यूजोच्या ६०७ या मोटारीत काजळी अडवणारा फिल्टर कारखान्यातूनच बसून आला आणि युरोपात २००९ पासून लागू झालेल्या युरो ५ निकषांनी किलोमीटरमागे जेमतेम ५ मिलिग्रॅम कणांची मुभा ठेवल्यावर डिझेल गाड्यांना त्याच्यावाचून गत्यंतर उरले नाही. हा फिल्टर म्हणजे असंख्य बारीक नळ्यांचा एक सिरॅमिकचा ठोकळा असतो. त्यातली प्रत्येक नळी एका टोकाला बुजवलेली असते, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत शिरावे लागते आणि काजळी अलीकडेच अडकते. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजून काजळी किती साठली याचा अंदाज गाडीचा संगणक बांधतो आणि साठा फार झाला की नेहमीपेक्षा उशिराने थोडे जास्तीचे डिझेल सोडतो, ज्याच्या ज्वलनाने फिल्टर सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापून काजळी जळून जाते. थोडक्यात, डिझेल जाळल्यामुळे झालेली काजळी नाहीशी करण्यासाठी आणखी डिझेल जाळायचे. या योजनेला ज्यांनी प्रथम मान्यता दिली, त्यांच्या घरी डिझेलचा खर्च कोण लिहीत असे, हे जाणून घेण्याची मला उत्सुकता आहे.

या दहनविधीला रीजनरेशन म्हणतात आणि आमची गाडी तो कोणालाही न सांगता सुरू करते. ओळखायचे ते लक्षणांवरून. गाडी उभी असताना आरपीएमचा काटा नेहमीपेक्षा वर राहतो, मायलेजचा आकडा पाहवत नाही इतका खाली येतो, कसला तरी तापट वास येऊ लागतो आणि इंजिन बंद केले तरी रेडिएटरचा पंखा घरघरत राहतो. पंखा ऐकू येईपर्यंत अर्थात उशीर झालेला असतो, कारण इंजिन बंद होताच विधी अर्धवट राहतो. नुकत्याच डोळा लागलेल्या तान्ह्या बाळाला घेऊन फेऱ्या मारणाऱ्या बापाची जी अवस्था असते, तीच अशा वेळी चालकाची होते. घर आले तरी थांबायची सोय नसते. घराचे फाटक दिसत असूनही पुढे निघून जाणारा मी शेजाऱ्यांनी अनेकदा पाहिला आहे आणि त्यांनी त्याचा काढलेला अर्थ आमच्या कौटुंबिक स्वास्थ्याला फारसा शोभणारा नाही.

विधी वारंवार अर्धवट राहिला की न जळलेले डिझेल झिरपत इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी वाढते. आयुष्यभर ऑइल कमी होण्याची धास्ती घेतलेल्या माणसाला ते वाढल्याबद्दलही काळजी करावी लागते, हे तंत्रज्ञानाच्या प्रगतीचे लक्षण मानायला हवे. दिव्याकडे दुर्लक्ष केले, तर संगणक रुसून इंजिनाची ताकदच कमी करतो आणि मग साध्या चढावर सायकलवाले आपल्याकडे सहानुभूतीने पाहत पुढे जातात.

शेजारच्या जाणकारांकडे या दुखण्यावर एकच उपाय होता: “काढून टाका हो तो फिल्टर, आत आहे काय एवढं?” आत जे आहे ते बाहेर पडू नये म्हणूनच तो बसवलेला आहे आणि तो काढणे कित्येक देशांत बेकायदा आहे, हे मी त्यांना सांगितले. शिवाय फिल्टर अजून जागेवरच आहे अशी संगणकाची खोटी समजूत घालावी लागते, ते वेगळेच. जाणकारांना यातला फक्त शेवटचा भाग रोचक वाटला.

अखेर गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, दिवा लुकलुकू लागण्याच्या आत हायवे गाठायचे ठरले. ताशी ६० किलोमीटरच्या वर, आरपीएम २००० च्या पुढे आणि १५ ते २० मिनिटे अखंड, असे पथ्य होते. टाकीत पुरेसे डिझेल असावे, अशी तळटीपही होती. सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, पण जायचंय कुठे?” कुठेही नाही, हे उत्तर लग्नानंतर इतक्या वर्षांनी देताना मला जितके अवघड गेले, तितकेच ते ऐकताना त्यांना गेले. तरी त्या आल्या. मी मुद्दाम एक गिअर खाली ठेवून गाडी हाकत होतो आणि त्या दर थोड्या वेळाने “गेला का?” असे विचारत होत्या. वाटेत एक देखणा तलाव लागला. “थांबू या ना जरा,” त्या म्हणाल्या. काजळी जळत असताना थांबता येत नाही, असे मी सांगितल्यावर त्यांनी तलाव मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर पाहिले आणि मग दिव्याकडे असे काही पाहिले की तो त्यानंतर थोड्याच वेळात विझला. श्रेय ६०० अंश तापमानाचे, असे माझे मत आहे. ते मी घरात बोलून दाखवत नाही.

पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मी हा पराक्रम मेकॅनिकला ऐकवला. स्कॅनरच्या पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला, “काजळी जळते साहेब, राख जळत नाही. ती आतच साठत राहते.” इंजिन ऑइलमधल्या रसायनांची राख फिल्टरमध्ये कायमची मुक्कामाला राहते, म्हणूनच त्याला कमी राखेचे ऑइल लागते आणि तरीही कधीतरी तो खोलून साफ करावा किंवा बदलावा लागतो, हे त्याने शांतपणे समजावले. राखेसाठी वेगळा दिवा असतो का, असे मी विचारले.

“नाही, तुमच्या गाडीत तोच लागेल,” तो म्हणाला, “फक्त तेव्हा हायवेला जाऊन उपयोग नाही.”