आठ मिलिमीटरची मानहानी

पित्ताशयात आठ मिलिमीटरचा खडा आहे, एकदा सर्जनना दाखवून घ्या, असे सांगण्यात आल्यापासून भेटीच्या वेळेपर्यंत माझ्या हाती नऊ दिवस होते आणि ते सगळेच्या सगळे मी तयारीत घालवले. ‘येताना सगळे कागद घेऊन या,’ असे फोनवर बजावण्यात आले होते. पण ‘सगळे’ म्हणजे कुठवर, हे कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्ताच्या तपासण्या, औषधांची मिलिग्रॅमसह यादी, आणि लहानपणी टॉन्सिल काढल्याचा कागद न सापडल्यामुळे त्याबद्दलचे स्वहस्ताक्षरातील निवेदन, असा ऐवज फाईलमध्ये जमा झाला. सर्वांत वर चौदा प्रश्नांचा एक कागद होता.

आदल्या रात्री झोप येईना म्हणून मी पित्ताशयाचा इतिहास वाचत बसलो. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशय काढून टाकले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा रुग्ण सिगार ओढत होता, हे वाचून मला एवढा धीर आला की मी दिवा मालवला. मग तो रुग्ण घरी कधी गेला हे पाहण्यासाठी पुन्हा लावला. सहा आठवड्यांनी. सकाळी मी उपाशीपोटी निघालो. खाल्ल्यावर पित्ताशय आकसते, म्हणून सोनोग्राफीला उपाशी जावे लागते. नुसत्या बोलण्यासाठी जावे लागत नाही, हे मला तिथे पोहोचल्यावर समजले.

प्रतीक्षागृहात शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. मी त्यांना रिपोर्ट दाखवला नाही. तो त्यांनी घेतला.

“पित्ताशय का? किती आहेत?”

“एक.”

“साईझ?”

“आठ मिलिमीटर.”

“अरेरे,” ते म्हणाले, आणि ती हळहळ माझ्यासाठी नव्हती, खड्याच्या आकाराबद्दल होती, हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढून माझ्या कानाशी खुळखुळवली. “सतरा आहेत. मोजून घ्या. दुर्बिणीतून काढले, पोटाला चार भोकं.” पिवळट-तपकिरी, कंगोरे असलेले ते खडे त्यांनी डॉक्टरांना दाखवायला आणले होते, म्हणजे ज्यांनी ते काढले त्यांनाच. समोरच्या बाई आणि कोपऱ्यातले दोन तरुण आता उघडपणे आमच्याकडे पाहत होते आणि माझ्या एकुलत्या एका खड्याची मला अक्षरशः लाज वाटू लागली. वास्तविक बारीक खडेच निसटून पित्तनलिकेत अडकण्याची भीती अधिक असते आणि मग कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, हे मी वाचलेले होते. पण हे बाणेदार उत्तर मला सुचले ते परतताना, जिन्यात.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. माझा प्रश्नांचा कागद घेऊन, माझेच पेन मागून, त्यांनी तो तपासायला सुरुवात केली. “चीर किती मोठी असेल? बघायला तुम्ही जागे राहणार आहात का?” काट. “पित्ताशय काढल्यावर पित्ताचे काय होते? अहो, ते यकृत तयार करतं, पिशवी नुसती साठवते. पुढे!” काट. नववा प्रश्न, ऑपरेशन नाही केले तर काय, हा त्यांनी उदार मनाने राहू दिला.

तेवढ्यात मदतनीस मुलगी एक फॉर्म घेऊन आली आणि मी टंकलिखित करून आणलेली सारी माहिती मला पुन्हा हाताने, बोटभर रेषांवर लिहावी लागली. रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनची गोळी मी औषधांच्या यादीत लाल शाईने अधोरेखित केली होती, कारण तिचा परिणाम आठवडाभर टिकतो आणि शस्त्रक्रियेआधी ती सर्जनना ठाऊक असावीच लागते. “काही गोळ्या चालू?” असे विचारून त्या मुलीने चौकटीत ‘हो’ एवढेच लिहिले. फाईल कोणी उघडलीच नाही. सगळे कागद मागणाऱ्यांनी निदान एक तरी वाचावा, ही अपेक्षा अवाजवी आहे असे मला अजूनही वाटत नाही.

गृहस्थांचे नाव आधी पुकारले गेले. बाटलीचे झाकण सैल झाले होते म्हणून त्यांनी ती हातातल्या कागदात गुंडाळली आणि ते आत गेले. तो कागद कोणता, हे मला ते दुसऱ्या दाराने निघून गेल्यावर कळले.

डॉक्टर मात्र भले निघाले. खडे असलेल्या बऱ्याच जणांना काही त्रास होत नाही आणि मग बहुधा ऑपरेशनही लागत नाही. तुम्हाला मात्र दोनदा कळ आली आहे, तेव्हा विचार करू, असे त्यांनी शांतपणे समजावले. ॲस्पिरिनचे मी स्वतःच सांगितले. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारले, “काही शंका?”

चौदा प्रश्नांपैकी एकही मला आठवेना.

“ऑपरेशन झालं,” मी म्हणालो, “तर खडा बाटलीत घालून मिळतो का?”