लिपमन फंडाबद्दल खुलासा

परवा मीच टाकलं होतं की अमेरिकेत ज्वालामुखीवर पीएचडी करणाऱ्यांची सगळी फी आणि राहायचा खर्च लिपमन फंड देतो, ते चुकीचं आहे, सॉरी. हा फंड ज्यांचा आहे त्या जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या भूशास्त्रज्ञांच्या संस्थेची माहिती आता नीट वाचली. 1993 चा हा फंड लिपमन फाउंडेशनच्या देणगीवर चालतो आणि पैसे मिळतात ते रिसर्चला, म्हणजे फील्डवर जाणं, खडकांचे नमुने तपासणं वगैरे, तेही अलास्का आणि पश्चिम अमेरिकेतल्या कामासाठी, त्यामुळे आपल्या दख्खनच्या बेसॉल्टवाल्यांनी यावर विसंबू नका. फाउंडेशनचे पीटर लिपमन स्वतः ज्वालामुखीचे अभ्यासक, 1965 मध्ये त्यांनाही याच सोसायटीची ग्रँट मिळालेली, हे वाचून फार बरं वाटलं. जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, कुणाचं तरी अ‍ॅडमिशनचं गणित चुकेल.