"डॉक्टर लपवतात" वाल्या कमेंटला उत्तर

रूट कॅनल करताना दाताचं मूळ आतून लेझरने साफ करण्यावर मी पोस्ट लिहिली होती, तिच्याखाली एकांनी लिहिलंय, "लेझरने मुळाच्या भिंतीला तडे जातात हे डॉक्टर सोयीस्करपणे लपवतात. हायपोक्लोराइटने स्वस्तात होतं त्याचे हजारो घ्यायचे, धंदा आहे नुसता." (हायपोक्लोराइट म्हणजे मूळ आतून धुवायचं जंतुनाशक द्रावण.)

आधी "लपवतात"चं बघू. चुकलं असेल तर चूक दाखवा ना, पण लपवलं म्हणजे मी जाणूनबुजून खोटं बोललो, आणि एकोणीस वर्षं खुर्चीशेजारी वाकून कंबर घालवलेल्या माणसाला हे टोपणनावाआडून ऐकवायचं, कमाल आहे!

एक मान्य. "लेझरने भिंत गुळगुळीत होते" असं मी सरसकट लिहिलं, ते एनडी-याग या एकाच प्रकारच्या लेझरचं झालं. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीवाला तो, त्याने डेंटिन (भिंत ज्याची असते तो दाताचा कठीण भाग) वरवर वितळून परत घट्ट होतं आणि ट्यूब्यूलची, म्हणजे त्यातल्या सूक्ष्म नळ्यांची, तोंडं बुजतात. दुसरा प्रकार एर्बियम-याग (२९४०) पाण्यात शोषला जातो, भिंतीवरचा स्मिअर लेयर, म्हणजे घासताना बसलेला भुग्याचा थर, उडवतो, तोंडं मोकळी होतात. म्हणजे बरोब्बर उलटं. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय.

आता तडे. अहो, मी काढलेल्या दातांवर शिकलोय हे. पहिल्याच आठवड्यात लेझरचा उजेड आत नेणारा २०० मायक्रॉनचा फायबर एका जागी धरून ठेवला, नख जळल्यासारखा वास आला, दात उभा फोडून मायक्रोस्कोपखाली धरला तर आत काळा ठिपका आणि त्याच्या कडेने बारीक चिरा. जातात तडे, नाही कोण म्हणतंय? पण गेले कशाने, तर माझा हात थांबला म्हणून. मुळाच्या टोकाच्या १ मिमी अलीकडून सुरू करायचं, गोल फिरवत वर यायचं, मध्ये दाताला गार होऊ द्यायचं, नाहीतर उष्णता भोवतालच्या हाडात जाते. हाड ४७ अंश सेल्सियसवर मिनिटभर राहिलं तर त्याला इजा होते हे १९८३ सालीच दाखवून झालंय, आम्ही काय ते न वाचताच मशीनला हात लावतो? कुकर गॅसवर ठेवून झोपलात तर डाळ करपणारच, त्यात कुकरने काय लपवलं?

हायपोक्लोराइट मीही रोजच वापरतो, लेझर त्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला असतो, आणि हे पोस्टमध्ये आहे, वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं. पैशांचं नंतर कधीतरी.

आणि खरा मुद्दा तर तुम्ही काढलाच नाहीत. साध्या फायबरचा उजेड सरळ पुढे जातो, वाकड्या मुळात बाजूच्या भिंतींना तो सारखा मिळत नाही. यावर विचारलं असतंत तर मला खरंच जड गेलं असतं.