सबटायटल्स बंद करण्याआधी

भाषा शिकवणाऱ्यांमध्ये एक चित्र वर्षानुवर्षं फिरतंय. माणूस वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात ठेवतो म्हणे. त्याखाली सल्ला असतो: मजकूर काढा, व्हिडिओ करा, सबटायटल्स लावू नका कारण त्या कुबड्या आहेत, आणि सुलभतेचं, म्हणजे अपंग विद्यार्थ्यांनाही धडा वापरता येण्याचं, मागाहून बघू.

आधी टक्के. ते अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवले जातात. डेल यांनी १९४६ मध्ये ‘अनुभवाचा शंकू’ (प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंत शिकण्याच्या प्रकारांची आकृती) मांडला हे खरं, पण त्यात एकही टक्का नव्हता. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. कोणता मजकूर, किती दिवसांनी तपासला, हे विचारून बघा. चित्र गप्प बसतं.

“सबटायटल्स असल्या की विद्यार्थी ऐकत नाही, नुसतं वाचतो.” सबटायटल्स त्याच्या स्वतःच्या भाषेत असतील तर ही भीती अगदीच खोटी नाही. शिकायच्या भाषेतल्या असतील तर गोष्ट वेगळी. नवख्या कानाला शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला हेच कळत नाही. मराठी शिकणाऱ्याने पुस्तकात ‘काय करतो आहेस’ वाचलेलं असतं आणि कानावर ‘काय करतोयस’ आदळतं. खाली तेच लिहिलेलं दिसलं की गाठ सुटते. २०१३ मध्ये अशा सबटायटल्सच्या अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासले गेले, तेव्हा ऐकून समजणं आणि शब्दसंग्रह दोन्हींना फायदा दिसला. उलट बाजूही आहे: ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, यांतले दोन ‘ज’ लिपी वेगळे दाखवत नाही. तिथे आवाजच हवा. म्हणून सबटायटल्स चालू-बंद करायचं बटण विद्यार्थ्याच्या हाती द्यावं. पहिल्यांदा बंद ठेवून ऐकावं, मग लावून पडताळावं. यंत्राने आपोआप काढलेल्या सबटायटल्स मात्र न तपासता सोडू नका. शिकणाऱ्याला चूक ओळखता येत नाही, तो तीच पाठ करतो.

“सुलभता थोड्यांसाठी असते, शेवटी जोडता येते.” इथे माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. फ्रेंचचा धडा घ्या. त्यात पाव या अर्थाचा शब्द ‘पँ’ असा उच्चारतात, पण रोमन लिपीतलं त्याचं स्पेलिंग इंग्रजीतल्या ‘पेन’ म्हणजे वेदनेसारखंच आहे. पानाच्या कोडमध्ये त्या शब्दाची भाषा नोंदवलेली नसेल, तर इंग्रजीवर लावलेला स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ‘पेन’ म्हणतो आणि अंध विद्यार्थी उच्चार चुकीचा शिकतो. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या निकषांत परक्या भाषेतले तुकडे असे नोंदवण्याचा नियम २००८ पासून आहे. लिहिताना केलं तर क्षणाचं काम. शेकडो धडे झाल्यावर करायचं म्हटलं की कोणीच करत नाही.

शब्दाचं लिंग रंगाने दाखवायची हौसही अशीच: पुल्लिंगी हिरवं, स्त्रीलिंगी लाल. रंगांधळेपणात नेमका याच जोडीचा घोटाळा सर्वाधिक होतो. रंग राहू द्या हवे तर, पण शब्दाआधी ‘तो’, ‘ती’, ‘ते’ लिहा. धड्याची काळी-पांढरी प्रत काढणाऱ्यालाही तेवढ्यानेच कळतं.