‘चालतोय ना, मग राहू दे!’ : जुन्या एसएमपीएसबद्दलचा हा सल्ला तपासून घ्या

पीसी अपग्रेड करणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मला तो भाच्याने पाठवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : एसएमपीएस म्हणजे वीज देणारा नुसता डबा. तो चालू होतोय आणि लेबलवरचे वॅट पुरताहेत, तर कितीही जुना असला तरी नव्या पीसीत बिनधास्त लावा. पिन कमी पडली तर कन्व्हर्टर मिळतो. केबल कुठल्याही एसएमपीएसची चालते. आणि गेलाच, तर तोच जाईल, बाकीचं शाबूत राहतं. ‘नवीन घ्या’ म्हणणारे दुकानदार तुम्हाला घाबरवून माल खपवतात.

पैसे वाचवावेत हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण मदरबोर्ड, प्रोसेसर, डिस्क, ग्राफिक्स कार्ड या सगळ्यांना वीज याच डब्यातून जाते. म्हणून एकेक वाक्य धरून बोलतो.

‘चालू होतो म्हणजे चांगला आहे.’ चोवीस पिनांच्या कनेक्टरातली हिरवी वायर आणि एखादी काळी वायर पेपरक्लिपने जोडायची, पंखा फिरला की पास, अशी ही परीक्षा. यात सप्लायवर (म्हणजे एसएमपीएसवर) लोड जवळपास काहीच नसतो. रिकामा टेम्पो सपाट रस्त्यावर चालवून घाट चढेल की नाही हे कळत नाही, तसंच हे. त्यापेक्षा पीसीत लावून, गेम किंवा रेंडर चालू असताना मल्टिमीटरने मोजा. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट ही एटीएक्सची, म्हणजे पीसी सप्लायच्या मानकाची, मर्यादा. याच्या बाहेर गेला तर तो सप्लाय बाद, पुढे विचारच करू नका.

मात्र आकडा मर्यादेत आला म्हणून लगेच खूश होऊ नका. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्या १२ व्होल्टवर चढलेली बारीक थरथर दाखवत नाही. तिला रिपल म्हणतात. १२ व्होल्टवर ती १२० मिलिव्होल्टपर्यंत आणि ५ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टपर्यंतच चालते, आणि ती बघायला ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, लागतो. ही थरथर दाबून ठेवण्याचं काम आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारी छोटी नळकांडी) करतात, आणि वयाबरोबर सुकतात ते हेच. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. टेबलाखाली, धुळीने जाळी बुजलेली, वर आपला एप्रिल-मे. अशा डब्यातली दहा वर्षं आणि एसी खोलीतली दहा वर्षं सारखी नसतात. मागच्या जाळीतून टॉर्च मारून बघा : कपॅसिटरचं डोकं फुगलेलं किंवा तपकिरी रस सुटलेला दिसला तर निर्णय झालाच. डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वरचा चार्ज साठून राहिलेला असू शकतो, तो जीव घेऊ शकतो.

‘लेबलवरचे वॅट पुरतात.’ या वाक्याने सर्वांत जास्त लोक फसतात, म्हणून भाच्याचंच उदाहरण सांगतो. त्याच्याकडे २०११ चा, लेबलवर ठळक ‘४५० वॅट’ लिहिलेला एसएमपीएस होता. नवीन जोडणी आय५ १२४०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाची. डेस्कटॉप व्यवस्थित चालायचा, गेम उघडला की पीसी रीस्टार्ट. मी त्याला लेबलचा फोटो मागितला. ठळक आकड्याखाली बारीक अक्षरांत तक्ता होता : ३.३ व्होल्टला २८ अँपिअर, ५ व्होल्टला ३० अँपिअर आणि १२ व्होल्टला फक्त १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. आजचा प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. त्याचा प्रोसेसर टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, ११७ वॅटपर्यंत जातो, कार्ड १७० वॅटचं. झाले २८७. म्हणजे ४५० च्या डब्यात लागेल त्या जागी १९२ च होते. खरं तर २००३ सालच्या एटीएक्स१२व्ही २.० पासूनच भार १२ व्होल्टकडे सरकला होता, पण स्वस्त डबे जुन्या मांडणीचेच पुढे कितीतरी वर्षं विकले गेले. शिवाय नवी कार्डं क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरीच वर उसळी घेतात. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये मोठ्या सप्लायना १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलण्याची अट आली.

‘पिन नसेल तर कन्व्हर्टर लावा.’ आठ पिनांच्या कनेक्टरवरून कार्ड १५० वॅट, म्हणजे साडेबारा अँपिअर ओढू शकतं. दोन मोलेक्सचा (जुन्या चार पिनांच्या प्लगांचा) कन्व्हर्टर लावला आणि ते दोन्ही मोलेक्स एकाच लडीवरचे असले, तर हा सगळा करंट एकाच पिवळ्या वायरीतून येतो. भाच्याच्या कन्व्हर्टरचं पांढरं प्लास्टिक एका पिनेभोवती बिस्किटासारखं तपकिरी झालं होतं, आणि ओढून काढलं तेव्हा पिन आतच राहिली. कारखान्यातून कार्डाची पिनच आली नसेल, तर बनवणाऱ्याने तो सप्लाय अशा कार्डासाठी धरलेलाच नाही असं समजा.

‘गेला तर तोच जाईल.’ चांगल्या सप्लायबाबत हे बहुतेक वेळा खरं ठरतं. व्होल्टेज वर चढलं, शॉर्ट झालं की आतलं संरक्षण सर्किट तो बंद करतं. स्वस्त डब्यात नेमकी हीच सर्किटं वगळलेली किंवा नावापुरती असतात. मग जाता जाता तो बोर्ड किंवा डिस्कही घेऊन जातो. डिस्क परत विकत मिळते, तिच्यावरचे फोटो मिळत नाहीत.

आता दुकानदारांबद्दल. मेसेजमधला हा राग मला कळतो. ‘पाच वर्षं झाली, बदलाच’ हा सरसकट नियम चुकीचाच आहे. माझ्याकडे २०१७ चा ५५० वॅटचा सप्लाय आहे, १० वर्षांच्या वॉरंटीचा, १२ व्होल्टवर ४५ अँपिअर देणारा. बोर्ड-प्रोसेसर बदलले तेव्हा दुकानात मला नवीन सप्लाय घ्यायचा आग्रह झाला. मी लेबल वाचलं, लोडवर व्होल्टेज मोजलं आणि तोच ठेवला. भाच्याला मात्र त्याचं लेबल पाहिलं त्याच दिवशी सप्लाय बदलायला लावला.

राहिला केबलचा मुद्दा, आणि तो सर्वांत घातक आहे. मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुटी होणाऱ्या, केबलचं डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, सप्लायकडचं नाही. तिथल्या पिनांचा क्रम कुठल्याही मानकात ठरवलेला नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो वेगळा असू शकतो. प्लग मात्र घट्ट बसतो, त्यामुळे शंकाही येत नाही. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की बटण दाबताक्षणी डिस्क जळते. भाच्याने नवीन सप्लाय बसवताना डिस्क लांब पडते म्हणून माझ्या पिशवीतली साटा (डिस्कला वीज देणारी) केबल मागितली होती. मी ती दिली नाही. त्याने डिस्कच एक खण खाली सरकवली.