गावातला धाडसी माणूस : वापर व निगा

'एका माणसाने ठरवलं तर अख्खा गाव बदलू शकतो' हा मेसेज परवा एका ग्रुपवर फिरला. खाली हात जोडल्याच्या खुणांची नुसती रांग. त्याच आठवड्यात वाळीत टाकलेल्या एका घरासाठी ठाण्यात साक्ष द्यायला या म्हटल्यावर त्यातल्या एकालाही सवड झाली नाही. कोणाची म्हैस आजारी, कोणाची सासू. अशा सुजाण बांधवांसाठी ही थोडी पथ्ये.

निर्णय कागदावर आणू नका. देवळात बैठक, तोंडी निकाल, 'त्यांच्याशी बोलेल त्याला दंड', एवढे पुरते. दंड घेतलाच तर पावतीवर 'देणगी' लिहा. गावकीची वही कुलपात ठेवा, नाहीतर कोणीतरी दीडशहाणा त्या पानाचा फोटो काढतो आणि सगळी पंचाईत होते.

दुकानदाराने 'माल संपलाय' म्हणावे. पोते समोर दिसत असले तरी.

गणपतीची वर्गणी मागताना ते एक घर गाळा. त्यांनी आपणहून आणून दिली तर 'नंतर बघू' म्हणून परत करा. शिमग्याची पालखी घरोघर जाते, त्या अंगणापाशी मात्र ढोल बंद आणि पाय भरभर. ओटीचे ताट घेऊन म्हातारी उंबऱ्यात उभी असते. तिच्याकडे बघू नये, बघितले तर त्रास होतो. तुम्हाला.

मयताला खांदा देऊ नका, लांबूनच हळहळा.

कौतुकाचीही घाई नको. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केले तेव्हा मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकायचे ठरवले. भारतरत्न मिळाले १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत. म्हणजे हार घालायला फक्त ६५ वर्षे थांबावे लागते. आगरकरांनी तेवढी सवड दिली नाही, चाळिशीच्या आतच गेले. पुणेकरांनी मात्र वेळ न दवडता त्यांची प्रेतयात्रा ते जिवंत असतानाच काढून घेतली होती.

राहिला कायदा. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६चा, लागू झाला ३ जुलै २०१७ पासून. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचांना मदत करणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. घाबरू नका. ठाण्यातले पहिले वाक्य ठरलेले आहे : 'आपसात मिटवा.' दुसरे : 'एनसी करून देतो.' अहो, एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे! त्याची एनसी होतेच कशी? पण समोरच्या माणसाला ते माहीत नसते. तो लिहून आणतो, 'गाव आम्हाला त्रास देते.' या वाक्याचे कोर्टात काहीही होत नाही. बैठक कोणत्या तारखेला, कुठे, कोणत्या पंचाने काय शब्द वापरले, तिथे आणखी कोण होते, दुकानदाराने कोणत्या दिवशी काय नाकारले, असे एकेक लिहावे लागते. फोनमधले रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोन जपावा लागतो, फॉरवर्ड केलेली फाइल पुरत नाही. एफआयआर घेत नाहीत तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने तक्रार, पोचपावतीसह. पुढची बैठक होणार असल्याचा सुगावा लागला तर ती थांबवायला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. दोषारोपपत्र गेल्यावर ६ महिन्यांत खटला संपवावा असे कायदाच म्हणतो.

हे सगळे तो एकटा करतो. मजुरी बुडवून, तालुक्याच्या खेपा घालून. आणि तरी खटला पडतो. का? देवळात तेव्हा अख्खा गाव बसला होता, पण कोर्टात 'मी तिथे नव्हतो' म्हणणारेही तेच.

कसली पथ्ये सांगतोय मी तुम्हाला! ती तुम्हाला पाठच आहेत. पंच असून असून किती, चार नाहीतर पाच. त्यांच्या शब्दाला वजन आणता ते तुम्ही, दळण नाकारून, पालखी पळवून, मान खाली घालून. वाळीत टाकलेल्याने आपले काम कधीच केले आहे, तो पंचांना नाही म्हणाला. आता आणखी कसले धाडस हवे आहे त्याच्याकडून? तुम्हाला कोणी तुरुंगात जा म्हटलेले नाही. त्याच्या दुकानातून साबण आणा, त्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसा, आणि जबाबाखाली सही करा. ते जमत नसेल तर निदान ते मेसेज पाठवणे बंद करा.